आक्कांच्या घरातला बंद फ्रिज

माझ्या हातून एक घर पडलं आहे, तेही बांधायच्या आधी. त्यासाठी मला पहार लागली नाही की जेसीबी लागला नाही. उजव्या हाताचं एक बोट पुरलं.

मी ग्रामसेवक. शासनाने अलीकडे आमचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं, पण चाकणच्या पट्ट्यातली माणसं अजून 'भाऊसाहेब'च म्हणतात, आणि रागावली की तेवढंही म्हणत नाहीत. ग्रामीण भागासाठीच्या सरकारी योजनांवर दिवाळी अंकात काही लिहा, असा निरोप आला तेव्हा मी दोन दिवस खपून टिपणं काढली. उद्दिष्टं, निकष, अंमलबजावणीतल्या अडचणी. ती बायकोला वाचून दाखवली. तिने भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान आहे. पण फ्रिजचं कधी कबूल करणार?"

म्हणून टिपणं बाजूला ठेवली आणि फ्रिजचं लिहितो आहे. गावाचं नाव लिहीत नाही. गावकरी वाचतील आणि म्हणतील, एवढी एकच चूक लिहिलीत होय?

ज्यांना ग्रामसेवक म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गावात मूल जन्मलं की नोंद मी करतो, माणूस गेला की दाखला मी देतो, आणि मधल्या काळात त्याला जे जे मिळायला हवं होतं ते का मिळालं नाही, हेही मीच सांगतो. नळाला पाणी नाही, मी. दिवा लागत नाही, मी. कुत्रं चावलं, तरी आधी मी आणि मग दवाखाना. शासनाची कोणतीही योजना मुंबईतून निघते, पुण्यात येते, तालुक्यात येते आणि शेवटी माझ्या फोनमध्ये येऊन पडते. माझ्या फोनमध्ये इतकी सरकारी ॲपं आहेत की घरच्या लग्नाचे फोटो ठेवायला जागा उरलेली नाही.

या पट्ट्यातली गंमत अशी, की योजना ज्या गावाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते ते गाव माझ्याकडे नाही. माझ्या गावाच्या तीन बाजूंना कंपन्या आणि चौथीकडे प्लॉटिंग. ग्रामसभा घ्यायची तर निम्मं गाव पहिल्या शिफ्टला, निम्मं दुसऱ्या शिफ्टला. पहिली सुटते तेव्हाच दुसरी लागते, त्यामुळे गाव एका ठिकाणी फक्त कंपनीच्या गेटवर भेटतं. पुरेशी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब करायची असते, आणि तहकूब सभा पुन्हा घेतली की तिला माणसांच्या संख्येची अट नसते. त्यामुळे आमची पहिली सभा तहकूब करण्यासाठीच बोलावलेली असते. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

माझी बदली या गावात झाली तेव्हा मी लातूरकडून आलेला, चाळिशी ओलांडलेला, आणि खोटं लिहायचं नाही अशी शपथ घेतलेला माणूस होतो. आधीच्या गावात एका सहकाऱ्याने कागदावरच शोषखड्डे खणले होते. त्याची चौकशी मी जवळून पाहिली होती. तेव्हापासून मला खोट्याची इतकी धास्ती बसली होती, की कुणी "जेवलात का" विचारलं तरी मी काय काय जेवलो ते सांगायचो.

अशात घरकुलाचं सर्वेक्षण आलं. घरकुल म्हणजे ज्यांना पक्कं घर नाही त्यांना शासनाकडून घर. पण घर द्यायच्या आधी माणूस खरंच गरीब आहे का हे तपासायचं असतं. त्यासाठी फोनवर प्रश्नांची एक रांग येते. मोटारसायकल आहे का? लँडलाइन फोन आहे का? रेफ्रिजरेटर आहे का? प्रत्येकापुढे दोन गोल, होय आणि नाही. एका प्रश्नाला होय दाबलं की पुढचं काम संगणक करतो. तो तुमचं नाव यादीतून उचलून बाहेर ठेवतो आणि कुणाला काही सांगत नाही.

चांगुणाबाईंचं घर ग्रामपंचायतीच्या समोरच्या आळीत. सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं. साठीच्या आसपास वय, नवरा कधीच गेलेला, मुलगी चऱ्होलीला दिलेली. आक्का एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायला जात. घर म्हणजे तीन बाजूंना पत्रे आणि मागे जुन्या घराची उरलेली एक मातीची भिंत. ती भिंत पोटुशी बाईसारखी पुढे आलेली. रस्त्याने कंटेनर गेला की ती थरथरायची. पावसाळ्याचे चार महिने आक्का तिच्याखाली झोपत नसत. अंथरूण घेऊन समोरच्या समाजमंदिरात जात. गावातली घरकुलाची खरी गरज कुणाला, असं शेंबड्या पोरालाही विचारलं असतं तर त्याने आक्कांचं घर दाखवलं असतं.

मी फोन घेऊन दारात उभा राहिलो. आक्का हरखल्या. "या भाऊसाहेब, बसा," म्हणाल्या आणि बिनकानाच्या कपात चहा दिला. प्रश्न सुरू झाले. मोटारसायकल?

"मला चालवाया येती व्हय?"

फोन?

"कुणाला करू?"

रेफ्रिजरेटर म्हणजे फ्रिज, आक्का. फ्रिज आहे का?

"हाय की!" आक्का म्हणाल्या, आणि असा काही चेहरा झाला त्यांचा, की नातू पास झाल्याचं सांगत असाव्यात. "दाखवू का?"

होता. निळ्या रंगाचा, एका दाराचा, डोक्यावर विणलेला रुमाल आणि त्यावर गणपतीचा फोटो. कँटीनवाल्या ठेकेदाराने कॉम्प्रेसर काढून घेतलेला फ्रिज टाकून द्यायला काढला, तेव्हा आक्कांनी तो मागून घेतला होता. त्यांनी दार उघडलं. आत वरच्या कप्प्यात भाकरी, मधे ज्वारीचं पीठ, खाली लुगडी, आणि जिथे अंडी ठेवतात तिथे रेशनकार्ड, आधार आणि घराचा उतारा गुंडाळी करून ठेवलेला.

"रबरी कड हाय ना दाराला," आक्का म्हणाल्या. "उंदीर शिरत न्हाई, मुंगी शिरत न्हाई. लई झ्याक वस्तू हाय भाऊसाहेब. लोक उगं त्यात पाणी गार करीत बसत्यात."

मी फोनकडे पाहिलं. होय आणि नाही. 'आहे पण बंद' असा तिसरा गोल मी खरोखर शोधला. स्क्रीन वर-खाली केली. नव्हता. फ्रिज समोर होता आणि मी खोटं न लिहिणारा माणूस होतो. मी होय दाबलं. चहा संपवला. आक्कांना नमस्कार केला आणि पुढच्या घरी गेलो.

पुढचं घर तात्यांचं. तात्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांच्या चार रांगा आहेत. पण तात्या स्वतः झोपतात गोठ्यात, कारण म्हशींशिवाय त्यांना झोप लागत नाही. मी त्यांना गोठ्यात गाठलं. राहता कुठे? "इथंच." फ्रिज आहे का? "म्हशीला कशाला लागतोय?" मोटारसायकल पोराच्या नावावर, फोर व्हीलर सुनेच्या. छप्पर पत्र्याचं, जमीन शेणाची. मी जे दिसलं ते लिहिलं. एक अक्षर खोटं नाही.

यादी आली. तात्यांचं नाव होतं. आक्कांचं नव्हतं.

आक्का कँटीनवरून परस्पर ग्रामपंचायतीत आल्या. हाताला अजून साबण. "भाऊसाहेब, माझं नाव का वो न्हाई?"

आता कबुली. मला कारण माहीत होतं. बोट माझं होतं. मी म्हणालो, "वरून कापलं, आक्का."

'वरून' हा शब्द आमच्या नोकरीत देवासारखा आहे. दिसत नाही, भेटत नाही, आणि सगळं त्याच्यावर ढकलता येतं. खोटं न लिहिणारा माणूस खोटं बोलू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. आक्कांनी वर छताकडे पाहिलं, "वरच्यांचं मी काय वाईट केलं?" म्हणाल्या आणि गेल्या. त्या पावसाळ्यात त्या अंथरूण घेऊन समाजमंदिरात जाताना मला माझ्या टेबलावरून दिसायच्या. मी खुर्ची फिरवून घेतली. मग पाठीमागून दिसायला लागल्या, कारण खिडकीच्या काचेत त्यांचं प्रतिबिंब पडायचं.

मी पंचायत समितीत खेटे घालायला लागलो, आणि त्यातच आणखी तीन पावसाळे गेले. विस्तार अधिकारी मॅडम म्हणजे आम्हा ग्रामसेवकांवर देखरेख करणाऱ्या. कडक, पण माणूस चांगला. त्या म्हणाल्या, "नोंद बंद झाली आहे. तुम्ही स्वतः 'होय' केलंय. आता तो फ्रिज नाही असं म्हणायचं असेल तर ग्रामसभेचा ठराव आणा."

"मॅडम, फ्रिज आहे."

"मग काय ठराव आणणार?"

"तो कपाट आहे असा."

मॅडमनी समोरची फाइल मिटली. "आणा," म्हणाल्या.

रीतसर सभा तहकूब करून मी तहकूब सभा बोलावली. कधी नव्हे ते समाजमंदिर भरलं, कारण फ्रिजमुळे वरच्यांनी आक्कांचं नाव कापलं, हे गावभर झालं होतं. सरपंचांनी विषय मांडला. तात्या उठले.

"भाऊसाहेब, कायदा म्हंजे कायदा. फ्रिज हाय का न्हाई, येवढंच सांगा."

"हाय," आक्काच म्हणाल्या.

"मंग झालं की!"

"काय झालं?" आक्का उभ्या राहिल्या. "तुमी म्हशींत झोपता म्हणून गरीब झालात व्हय तात्या? म्हशींनी अजून पंचायतीत अर्ज केला न्हाई, ह्यो बाबा इथं का झोपतो म्हणून!"

पाच मिनिटं कुणालाच कुणाचं ऐकू आलं नाही. तात्या स्वतःही हसत होते. मग मागून, कंपनीच्या गणवेशात आलेला एक मेंटेनन्सवाला उठला. नांदेडकडचा होता. म्हणाला, "सरपंच, मी बघून आलोय. त्याला कॉम्प्रेसर नाय. कॉम्प्रेसर नसला तर तो फ्रिज कसा? नुसता डबा हाय तो."

"डबा म्हणूया मग," एकजण म्हणाला.

"डबा नको, लहान वाटतो. कपाट म्हणा."

अर्धा तास चर्चा होऊन ठराव झाला. मी स्वतःच्या हाताने लिहिला. "श्रीमती चांगुणाबाई यांच्या घरातील फ्रिज थंड करीत नसून फक्त साठवण करतो, सबब ग्रामसभा त्यास कपाट मानते." अनुमोदन तात्यांनी दिलं. खाली उतरताना मला म्हणाले, "बाईनं लई हासवलं राव. जाऊ द्या, मिळू द्या तिला."

ठराव वर गेला. तीन महिन्यांनी उत्तर आलं : स्थळपाहणी करण्यात येईल.

इथे मी दुसरी चूक केली, आणि ही पहिलीपेक्षा मोठी. मला वाटलं, पाहणीला मॅडम आल्या आणि समोर फ्रिज दिसला तर ठराव कोण वाचणार? मी आक्कांना म्हणालो, "फ्रिज हलवू या घरातून."

"कुठं हलवू? माझा समदा संसार हाय त्यात."

"चार दिवस शेजारी ठेवा."

शेजारीण रखमाबाईंनी दोन्ही हात आडवे लावून दार अडवलं. "आमच्यात नगं गं बाई! फ्रिज दिसला तर आमचं नाव कटंल." पलीकडच्यांनीही तेच. तात्या म्हणाले, "माझं नाव लागलंय, ते ऱ्हाऊ द्या." आळीतल्या एकाही घराने त्या फ्रिजला आसरा दिला नाही. एवढा धाक मी आणि माझ्या फोनने गावात बसवला होता. शेवटी रस्त्याने भंगारवाल्याचा हातगाडा चालला होता. मीच त्याला हाक मारली. आक्कांनी गणपती आणि रुमाल काढून घेतला, पीठ आणि कागद एका पिशवीत घालून खुंटीला अडकवले आणि गाडा वळणावर दिसेनासा होईपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

चौथ्या दिवशी उंदरांनी पिशवी गाठली. पीठ खाल्लं ते खाल्लं, घराचा उतारा मधोमध खाल्ला. रेशनकार्डावरच्या आक्कांच्या फोटोची मान खाल्ली, चेहरा ठेवला.

पाचव्या दिवशी मॅडम आल्या. घरभर पाहिलं. चार पावलांत घर संपलं. म्हणाल्या, "फ्रिज कुठे आहे?"

मी अभिमानाने म्हणालो, "काढून टाकला, मॅडम."

"काढून टाकला? अहो, मी त्याची पाहणी करायला आले आहे! तो बंद होता हे मी आता कशावरून लिहू? संगणकावर फ्रिज आहे, ठरावात कपाट आहे, आणि इथे काहीच नाही. तुम्ही तो विकून नवा घेतला नाहीत हे मला कसं कळणार?"

आक्का माझ्याकडे पाहत होत्या. मी जमिनीकडे पाहत होतो. मॅडम जाता जाता म्हणाल्या, "तो फ्रिज आणा. मी पुन्हा येते. नाहीतर फाइल बंद."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तळेगाव रस्त्यावर भंगाराची दुकानं धुंडाळायला सुरुवात केली. त्या दिवसाइतके मेलेले फ्रिज मी आयुष्यात पाहिले नाहीत. कुणी लाल, कुणी दोन दारांचा, कुणी आडवा. नवव्या दुकानात, पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यात, गल्ल्याशेजारी, निळा. दारावर आक्कांनी लावलेल्या कुंकवाचं बोट अजून होतं. दुकानाचे म्हातारे मालक, त्यांना सगळे चाचा म्हणत, गोरखपूरकडचे. मी फ्रिजकडे बोट दाखवलं.

"वो नहीं मिलेगा साहब. बाकी जो चाहिए ले जाओ."

"का? क्यों?"

चाचांनी दार उघडलं. आत त्यांची सगळी बिलं, वह्या, पोत्याची सुई, औषधं आणि शिळी पोळी. "चूहा नहीं आता," चाचा म्हणाले. "बहुत बढ़िया चीज़ है. लोग पता नहीं क्यों इसमें पानी ठंडा करते हैं."

मी तिथेच एका उलट्या बॅरलवर बसलो आणि चाचांना सगळी हकिकत सांगितली. माझं बोट, आक्का, भिंत, ठराव, सगळं. गावात कुणालाही न सांगितलेलं मी एका अनोळखी माणसाला मोडक्या हिंदीत सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "पैसा नहीं चाहिए. ऐसा ही दूसरा ला दो, ये ले जाओ."

असाच दुसरा माझ्या घरी होता. चालू. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली असती तर कदाचित दुसरा काही मार्ग सुचला असता, पण मला धीर नव्हता. तात्यांना फोन केला. त्यांनी काही न विचारता टेम्पो पाठवला. बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. आतलं दूध, भाजी, दह्याचं भांडं तिने ओट्यावर काढलं आणि म्हणाली, "चालू फ्रिज देऊन बंद फ्रिज आणणारा सरकारी माणूस मी पहिल्यांदाच बघते आहे. नोंद करून ठेवा कुठेतरी."

चाचांनी माझा फ्रिज पाहिला, दाराचं रबर दाबून पाहिलं, खूश झाले. मग कात्रीने त्याची वायर कापली आणि तांबं वेगळ्या ढिगात टाकलं.

निळा फ्रिज उतरवला तेव्हा आळी गोळा झाली. आक्कांनी त्याला ओल्या फडक्याने पुसलं, रुमाल घातला, गणपती ठेवला. "तुमचे लई उपकार झाले भाऊसाहेब," म्हणाल्या आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं. ते उपकार मला सहन होईनात. मी म्हणालो, "आक्का, तुमचं नाव वरून कापलं नव्हतं."

"मंग?"

"मी. त्या दिवशी. फ्रिजच्या प्रश्नाला मीच होय दाबलं. आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

आक्कांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. आधण थांबलं. मला वाटलं, माफ करतील. गोष्टींत करतात.

"किती पावसाळे झाले?" त्यांनी विचारलं.

"चार."

"चार पावसाळे मी त्या फरशीवर निजले. आन् तुमी समोर बसून माझ्या हातचा चहा पीत व्हता." त्यांनी माझा बिनकानाचा कप उचलला, फ्रिजमध्ये ठेवला आणि दार लावलं. "जावा आता."

त्यानंतर आक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. दाखला हवा असला तरी रखमाबाईंना पाठवायच्या. रस्त्यात समोर आल्या तर मी विजेचा खांब असल्यासारख्या बाजूने निघून जायच्या. मॅडम येऊन पाहणी करून गेल्या. दार उघडल्यावर बिनकानाचा कप पाहून म्हणाल्या, "हा कुणाचा?" आक्का म्हणाल्या, "हाय एकाचा. बंद ठिवलाय." मॅडमनी अनुकूल अहवाल लिहिला. फाइल गेली. दोन पावसाळे ती फाइल कुठेतरी होती. मी दर महिन्याला चौकशी करायचो आणि दर महिन्याला ती दुसऱ्याच टेबलावर असायची.

मग नवं सर्वेक्षण आलं. नवं ॲप, नवे निकष. मी पहिलं घर आक्कांचं घेतलं. त्या दाराशी उभ्या, तोंड फिरवून. मी प्रश्न रखमाबाईंना विचारायचो, त्या आक्कांना विचारायच्या, आक्का रखमाबाईंना उत्तर द्यायच्या आणि त्या मला. तिघं एकमेकांपासून दोन हातांवर.

यादी संपली. मी पुन्हा वर गेलो. ॲप बंद करून चालू केलं. पुन्हा वाचलं. फ्रिजचा प्रश्न नव्हता. शासनाने तो काढून टाकला होता. दुचाकीचाही. कुणीतरी वर, खरोखरच्या वर, बसून विचार केला होता की फ्रिज असला म्हणून माणूस श्रीमंत होत नाही. माझा ठराव, चाचा, माझा चालू फ्रिज, दोन पाहण्या, सगळं एका ओळीत निकामी झालं होतं.

"झालं," मी म्हणालो.

आक्का रखमाबाईंना म्हणाल्या, "इचार ह्यांना, फ्रिजचं का न्हाई इचारलं."

"आता विचारत नाहीत."

"न्हाई इचारत?" आक्कांना रखमाबाईंचा विसर पडला. "इतकी वर्सं फ्रिज फ्रिज करून माझा जीव खाल्ला आन् आता इचारत न्हाई? लिव्हा! फ्रिज हाय म्हणून लिव्हा. चालत न्हाई, पर हाय!"

"जागा नाही, आक्का."

"तवा बरी जागा व्हती!"

या वेळी यादी ग्रामसभेत वाचली गेली तेव्हा तात्यांनी स्वतःच हात वर केला. जुन्या यादीतलं त्यांचं घरकुल कधी झालंच नव्हतं, कारण तपासणीला आलेल्या माणसाला घरपट्टीच्या वहीत खोल्यांच्या चार रांगा त्यांच्याच नावावर सापडल्या होत्या. ती वही मीच लिहितो, पण सर्वेक्षणाच्या दिवशी मला ती उघडून बघायचं सुचलं नव्हतं. तात्या म्हणाले, "माझं काढा. म्हशी म्हणत्यात आमाला हितंच बरं."

आक्कांचं घर मंजूर झालं. घर बांधताना पायापासून छतापर्यंत टप्प्याटप्प्याने फोटो काढायचे असतात आणि प्रत्येक फोटोत लाभार्थी घरासमोर उभा लागतो. फोटो मीच काढायचे. शासनाच्या संगणकात आज जे फोटो आहेत त्यांत मागे घर वाढत जातं आणि पुढे आक्का तशाच, भुवया आवळून, थेट माझ्याकडे पाहत. मॅडमनी मला विचारलंही होतं, "बाई खूश नाहीत का?"

गेल्या वैशाखात भर दुपारी वास्तुशांत झाली. मला निरोप नव्हता, पण शेवटचा फोटो काढायचा होता, म्हणून गेलो आणि मांडवाच्या कडेला उभा राहिलो. मुलगी-जावई चऱ्होलीहून आले होते. तात्या जेवणाच्या पंक्तीवर. सामान आत चाललं होतं. शेवटी जुन्या पत्र्याखाली फक्त निळा फ्रिज उरला. जावई आणि दोन शेजारी त्याला हात घालायला गेले.

"थांबा," आक्का म्हणाल्या. त्यांनी सगळ्या मांडवातून मला शोधून काढलं. इतक्या वर्षांत मला कधी त्यांनी अरे-तुरे केलं नव्हतं.

"आरं ये भाऊसाहेबा. माझ्या घरात फ्रिज तूच लिव्हलास न्हवं? मंग आता तूच आत ने."

आधी तात्या हसले, मग सगळे. मी चपला काढल्या, फोन जावयाच्या हातात दिला आणि फ्रिजला मिठी मारली. कॉम्प्रेसर नसल्यामुळे तो हलका होता, पण आत आक्कांचा संसार होता. उंबऱ्यावर अडकलो, आडवा झालो, आत गेलो. त्या मागून सांगत होत्या. "डावीकडं. तसं न्हाई. दार कुठं उघडंल मग? फिरीव. आता उजवीकडं." सगळं गाव बघत असताना त्यांनी मला तो चार वेळा हलवायला लावला आणि शेवटी पहिल्याच जागी ठेवायला सांगितला.

मग फ्रिज उघडला, बिनकानाचा कप काढला आणि पदराने पुसला.

चहा होईस्तोवर मी फोटो काढून घेतला. या एका फोटोत आक्कांच्या भुवया सरळ आहेत. फोटोखाली शेवटचा प्रश्न आला : घरकुल पूर्ण झाले आहे का? दोन गोल. मी बोट पुढे केलं तोच आक्कांनी माझं मनगट धरलं.

"काय लिव्हलंय त्यात?"

मी वाचून दाखवलं. कुठला गोल होयचा, तेही दाखवलं.

"सरक," आक्का म्हणाल्या. "तुझ्या बोटाचा भरवसा न्हाई." आणि आपला हळदीने माखलेला अंगठा त्यांनी होयवर दाबला, दोनदा.